शेवटच्या दोन ओळी

थ्रसबी, लिंकनशायर
रविवार, १२ ऑक्टोबर १९८६

प्रिय मेव्हिस,

जॅमची बरणी पोचली, फुटली नाही. तुझ्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पीटरहेडच्या वाऱ्यात चालायला कुणी सांगितलंय तुला?

इथली बातमी अशी की गावच्या नाट्यमंडळानं विल्फचं नाटक करायचं ठरवलंय. आजारपणात त्यानं लिहून पुरं केलेलं, तेच. घेवड्याच्या वेलाचं. विधवा आई, खुळा मुलगा, गाय विकून आणलेले घेवड्याचे दाणे, ढगातला राक्षस. तुला माहीत आहे सगळं. जानेवारीत तीन प्रयोग.

दिग्दर्शक म्हणून कोण निवडला असेल? दाताचा डॉक्टर. नायजेल प्रॉसर. दोन वर्षांमागे गावात आला. येताच एक चांगलं स्वयंपाकघर मोडून दुसरं बसवलं, आता आमच्या नाटकाकडे वळलाय. विधवेचं काम तोच करणार. मुलाचं काम मुलीनं आणि आईचं बाप्यानं करायचं, एवढी एक रीत त्यानं राखलीय, कारण ती त्याच्या सोयीची आहे. विल्फनं सव्वीस वर्षं विधवेचं काम केलं. मला वाटलं होतं, तो गेल्यावर वर्षभर तरी ती जागा रिकामी ठेवतील.

मंगळवारी तो घरी आला. बूट न पुसता.

"मिसेस टॅटरसॉल, संहितेचं शेवटचं पान हरवलंय वाटतं."

"हरवलं नाही. कोरं आहे."

"कोरं का?"

"तालमीत शेवटच्या दोन ओळी म्हणायच्या नसतात. नाटक तालमीतच पुरं केलं की प्रयोगाला विघ्न येतं."

"मग पाठ कधी करायच्या?"

"करायच्याच नाहीत. पहिल्या प्रयोगाला शेवटी विधवा लग्नाचा गुलाबी झगा घालून येते, लोकांसमोर त्याची खालची शिवण उसवते, चिठ्ठी काढते, वाचते. मग पडदा."

"आणि चिठ्ठीत काय आहे ते दिग्दर्शकालाही माहीत नसतं?"

"दिग्दर्शकाला तर मुळीच नसतं."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं दाढ काढायची की ठेवायची ते ठरवतोय. मग म्हणाला, "गोड प्रथा आहे." गोड म्हणजे किडवणारी, असाच त्याच्या धंद्यात अर्थ असणार.

त्याला विल्फचे विधवेचे झगे हवेत. सगळे, गुलाबीसुद्धा. मी विचार करते म्हटलं. विचार कसला? देणार नाही.

तुझी,
एनिड


पीटरहेड
१९ ऑक्टोबर

प्रिय एनिड,

अगं, झगे दे त्या माणसाला. पेटीत ठेवून त्यांचं करणार काय आहेस, कसर खाऊ देणार? विल्फला आवडलं असतं. त्याला सगळंच आवडायचं, ते तुझ्या उलट.

डॉक्टर माणूस आपणहून मदतीला आला तर त्याचे बूट बघत बसू नये. माझ्या दाताला इथं सहा महिने कुणी वेळ देत नाही.

महत्त्वाचं विचारते. विल्फनं या नाटकाच्या शेवटच्या दोन ओळी ठेवल्यात का कुठे? नक्की ठेवल्या असतील. दर जानेवारीत तो मला त्या ओळींचं कार्ड पाठवायचा. सगळी सव्वीस कार्डं मी बिस्किटांच्या डब्यात ठेवलीत. शेजारची मिसेस बुकन आली की काढून वाचून दाखवते. "रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये बसून तुझा भाऊ असं लिहायचा?" म्हणते ती. आई असती तर तिला केवढं कौतुक वाटलं असतं. टॅटरसॉलांच्या घरात दुसरं कुणी दोन शब्द जुळवू शकलं नाही.

सत्ताविसावं कार्ड आलं नाही तर डबा अपुरा राहील. शोध.

मेव्हिस


थ्रसबी
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय मेव्हिस,

उत्तराला उशीर झाला. तालमी सुरू झाल्यात. नेहमीप्रमाणे प्रॉम्प्टिंग माझ्याकडे, म्हणून विंगेतल्या कोपऱ्यात स्टुलावर वही घेऊन बसते. पाय ठेवायला विल्फनं केलेली चौकट अजून आहे.

गाईचे पुढचे पाय लेन कटफोर्थ खाटीक, मागचे पाय पोस्टातली जॉयस. लेन म्हणतो, आठवडाभर गाय कापतो आणि गुरुवारी गाय होतो, देवानं माझा हिशेब कसा लावावा? ही दोघं बरी आहेत. बाकी सगळा आनंद.

मि. प्रॉसरनी पहिल्या दिवशी भाषण केलं. नाटकाला "अर्थ" हवा. राक्षस म्हणजे समाज. गाय म्हणजे निरागसता. गाईच्या पोटातून जॉयस म्हणाली, "निरागसतेला इथं फार उकडतंय." कुणी हसलं की तो मान तिरकी करून थांबतो, हसू संपेपर्यंत. आणि राक्षस मागून येतो तेव्हा प्रेक्षकांतल्या पोरांनी दरवर्षीसारखं "मागे, तुझ्या मागे" ओरडायचं नाही म्हणे. ते गावंढळ दिसतं. थ्रसबीतल्या चाळीस पोरांना वर्षभर घरात तोंड मिटून बसवतात ते कशासाठी, हे त्याला ठाऊक नाही.

पण त्याची विधवा बघायला हवी तू. "मला विधवेच्या वेदनेला स्पर्श करायचाय," म्हणाला.

"लांबूनच करा," मी म्हटलं.

तो रडतो. हुंदके देतो. उशीच्या अभ्र्याएवढा रुमाल घेतो, आधी बादलीत बुचकळून ठेवतो, आणि डोळ्यांना लावून पिळतो. पाणी धो धो पडतं. ते त्याला विनोदीही वाटतं आणि अर्थपूर्णही. विल्फची विधवा सव्वीस वर्षांत एकदाही रडली नाही. ती सकाळी दोन कप मांडायची, एक परत फळीवर ठेवायची, आणि मग गाईला शिवी घालायची. लोक हसायचे. मीही कोपऱ्यात हसायची. आता रोज सकाळी दुसरा कप मी परत फळीवर ठेवते, आणि शिवी घालायला मला गाय नाही.

मार्चपासून हे असंच चाललंय. वाढत नाही, कमी होत नाही. तू विचारलं नव्हतंस, पण सांगितलं.

आता ओळींचं. डॉक्टरनं पुन्हा मागितल्या. विल्फनं ओळी ठेवल्या नाहीत असं मी सांगितलं. ते खरं आहे. पण तुला अर्धं खरं सांगून चालणार नाही, तू डबा अपुरा म्हणून बसली आहेस.

मेव्हिस, त्या ओळी माझ्या आहेत. सव्वीसच्या सव्वीस.

पहिल्या वर्षी विल्फनं सबंध नाटक लिहिलं आणि शेवटाला अडला. तीन आठवडे केबिनमध्ये डोकं धरून बसला. मी इथं टेबलाशी झगा शिवत होते. म्हटलं, असं काहीतरी म्हण की. तो म्हणाला, "सांगू नको. चिठ्ठीवर लिही आणि शिवणीत घाल. आधी कळलं तर मी त्यात सुधारणा करीन आणि वाटोळं करीन." तेव्हापासून तेच चाललं. रीत मंडळाची, शिवण माझी. शिवण उसवताना त्याला खरंच माहीत नसायचं काय निघणार. म्हणून तर तो तसा दिसायचा.

कौतुक करून घ्यायला सांगत नाही. माझी यमकं लंगडी होती. चौदाव्या वर्षी शाळा सोडली. जे वाचलं ते फिरत्या वाचनालयाच्या गाडीतून, गाडीत जे असेल ते. पण विल्फ ती लंगडी ओळ अशी म्हणायचा की ती नीट चालायला लागायची. त्यात त्याचा वाटा होता, आणि तो माझ्याहून मोठा होता.

या वर्षी मी लिहिणार नाही. माझी ओळ त्या रुमालवाल्याच्या तोंडात घालायची मला इच्छा नाही.

एनिड


पीटरहेड
१४ नोव्हेंबर

एनिड,

सव्वीस वर्षं तुला कंठ फुटला नाही, आणि भाऊ जमिनीखाली गेल्यावर फुटला.

तू आमच्या घरात आलीस तेव्हापासून पुस्तकं वाचतेस म्हणून नाक वर. आईच्या तेराव्या पानावरच अडकलेल्या बायबललासुद्धा तू हसली होतीस, मला आठवतं. विल्फ तेवढा राहिला होता, त्याच्याकडे एक गोष्ट होती, तीही आता तुझीच का?

मिसेस बुकनला मी काय सांगू? सांगणार नाही. मी विश्वास ठेवत नाही. दुःखात माणसाला काहीही वाटतं, असं मी धरून चालते. एवढंच तुझ्यासाठी करू शकते.

मेव्हिस


थ्रसबी
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय मेव्हिस,

महिना झाला. मी दोन पत्रं लिहून फाडली. तुझ्या आईला मी हसले होते, ते खरं आहे. चूक होती.

बाकी काही मागे घेत नाही. पुरावा माझ्याकडे नाही. विल्फ चिठ्ठी वाचून झाल्यावर चघळून गिळायचा, ते लोकांना फार आवडायचं. तुझी कार्डं तो दुसऱ्या दिवशी आठवून लिहायचा, म्हणून अक्षर त्याचं. तेव्हा तू हवं ते मान.

पण दोन गोष्टी घडल्यात, आणि मला त्या सांगायला दुसरं कुणी नाही.

पहिली. मि. प्रॉसरनी स्वतःच ओळी केल्या आणि गेल्या गुरुवारी तालमीत म्हटल्या. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, हात पसरून:

दुःख हेच वेल होऊनी नभास जाऊनि भिडले,
मातेच्या क्षमेपुढे राक्षसाचे दातही पडले.

दात आणल्याशिवाय त्याला राहवलं नाही. गाईनं डोकं काढलं. लेन घामानं भिजला होता. म्हणाला, "साहेब, तुम्ही म्हटलंत ते?"

"म्हटलं. कसं वाटलं?"

"कसं वाटलं ते सोडा. म्हटलंत?"

"कटफोर्थ, आपण एकोणिसशे शहाऐंशीत आहोत."

"आपण थ्रसबीत आहोत," लेन म्हणाला, डोकं काखोटीला मारलं आणि घरी गेला. जॉयस अर्ध्या गाईत तशीच उभी. दुसऱ्या दिवशी पोस्टाच्या पायरीवरून घसरून तिचा पाय मुरगळला. आता गाय दोन्ही टोकांनी अडून बसली की या ओळी बदलल्याशिवाय उभी राहणार नाही. डॉक्टरला मान खाली घालावी लागली. तो म्हणाला, ठीक आहे, प्रयोगाच्या दिवशी नव्या लिहीन, कुणालाही दाखवणार नाही. वर असंही म्हणाला की अशा लोकांमध्ये काम करणं म्हणजे तपश्चर्या आहे. मी वहीच्या कोऱ्या पानाकडे बघत बसले. एरवी मीही या समजुतीला हसले असते. पण तिला हसायला हक्क लागतो.

दुसरी गोष्ट. मी झगे दिले. तुझ्या सांगण्यावरून नव्हे. न दिले असते तर त्यानं नवे शिवून घेतले असते, आणि ते मला तीन प्रयोग बघावे लागले असते. विल्फ रुंद, हा काठी. गुलाबी झगा आत घ्यायला पेटीतून काढला. खालच्या शिवणीला उजव्या बाजूला हाताला काहीतरी लागलं. कागद.

मी जानेवारीनंतर त्यात काही घातलेलं नाही. आणि टाके माझे नाहीत, मेव्हिस. गुलाबी कापडावर तपकिरी दोरा, एकेक टाका माशाच्या गळासारखा. आंधळी झाले तरी मी असं शिवणार नाही. फेब्रुवारीत एकदा विल्फ वर पेटीपाशी तासभर होता. टोप शोधतोय म्हणाला. खाली आला तेव्हा बोटाला रक्त होतं, आणि मी औषधांनी त्याची कातडी पातळ झालीय म्हणून काळजी करत बसले.

मी उघडलं नाही. प्रयोगाआधी वाचायचं नाही ही रीत मीच त्या डॉक्टरला ऐकवली होती. मलाच मोडता येणार नाही. भीती वाटली असं समजलीस तरी चालेल. बाकी झगा आत घेतला, तेवढा कोपरा तसाच ठेवला. डॉक्टरला काही सांगितलेलं नाही.

नाताळचं कार्ड वेगळं पाठवते.

एनिड


पीटरहेड
२ जानेवारी १९८७

एनिड,

कार्ड मिळालं.

तपकिरी दोरा मीही आणू शकते आणि वाकडे टाके कुणालाही घालता येतात. तुला वाईट वाटेल, पण माझ्या मनात आलं ते लिहिते.

मात्र विल्फला शिवणकाम येत नव्हतं आणि तो ते करायला बसला असेल तर बोटाला टोचून घेतलंच असेल. हेही मनात आलं. लहानपणी एकदा त्यानं मोज्याला ठिगळ लावताना मोजा पायजम्याला शिवला होता.

उघडून टाक. हा पोरखेळ पुरे. आत जे असेल ते मला पाठव, मूळ कागद. त्याचं अक्षर मला कळतं. खोटं असेल तर यानंतर लिहू नकोस.

मेव्हिस


थ्रसबी
रविवार, १८ जानेवारी

प्रिय मेव्हिस,

कागद सोबत आहे. आधी पत्र वाच, असं सांगून उपयोग नाही. तू आधी कागद वाचला असशील.

शुक्रवारी पहिला प्रयोग. बर्फामुळे कुणी येणार नाही असं वाटत होतं, पण ट्रॅक्टरवर बसून लोक आले. हॉल भरला. डॉक्टरनं नव्या ओळी केल्या होत्या आणि कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्या कुठे लिहिल्या असतील? रुमालावर. आतल्या बाजूला, निळ्या शाईनं. मला पडदा उघडायच्या आधी ऐटीत सांगितलं, "मिसेस टॅटरसॉल, यंदा तुमच्या वहीचं काम नाही."

पहिल्या अंकात त्यानं कोरडा रुमाल नुसता टेकवला. कुणी हसलं नाही. दुसऱ्या अंकात गाय विकली जाते तिथं पुढच्या रांगेतलं एक पोर म्हणालं, "ही बाई रडत का नाही? तिची गाय गेली." लोक हसले. त्या हसण्याची चव लागली आणि डॉक्टरचं भान गेलं. धावत बादलीपाशी गेला, रुमाल आत घातला आणि पिळला. पुन्हा घातला, पुन्हा पिळला. हॉल खाली पडायला आला. त्याच्या आयुष्यात त्याला कुणी एवढं हसलं नसेल. पाणी निळं पडत होतं. मला कोपऱ्यातून दिसत होतं, त्याला नाही.

शेवटी लग्नाचा प्रवेश. सगळे रांगेत उभे. तो गुलाबी झग्यात पुढे आला, दोन्ही हातांनी रुमाल उलगडला. निळा डाग. उलटा केला. तिकडेही डाग. मग विंगेत माझ्याकडे बघितलं. मी वही उचलून कोरं पान दाखवलं. ते दाखवताना मला बरं वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही.

मी आकडे मोजले. अकरापर्यंत. सव्वीस वर्षं या क्षणाला जो शिवण उसवायचा, तो नाही, हे तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं असावं. मग मी म्हटलं, "शिवण."

"काय?"

"उजवीकडची खालची शिवण. उसवा."

त्यानं ओढलं. विल्फचे टाके, त्यांना किती वेळ लागणार? कागद निघाला. आणि त्या माणसाची एक खोड कामाला आली. समोर येईल ते तो आधी मोठ्यानं वाचतो, अर्थ मागून बघतो. हात पसरून, त्याच्या वेदनेच्या आवाजात त्यानं वाचलं. तुझ्याजवळ कागद आहे, तरी लिहिते. रडता रडता पुन्हा वाचता येत नाही, आणि तू रडली असशील.

"झगा घालणाऱ्यास. शेवटच्या ओळी सव्वीस वर्षं एनिडनं लिहिल्या. मी फक्त शिवण उसवली आणि टाळ्या खाल्ल्या. यंदा तिच्याच तोंडून ऐका. ती कोपऱ्यात बसली आहे. वि. टॅ."

डॉक्टर थांबला. "कुठल्या कोपऱ्यात?" त्यानं लोकांनाच विचारलं, आणि चुकीच्या बाजूला वळला.

चाळीस पोरं तीन तास तोंड दाबून बसली होती. "मागे! तुझ्या मागे!"

तो वळला. मी स्टुलावर होते. लेननं गाईचं डोकं काढलं, मला दंडाला धरलं, म्हणाला, "चला वहिनी, नाहीतर पोरं छत पाडतील." त्या बाजूनं मी तो हॉल कधी पाहिला नव्हता. दिव्यांमुळे माणसं दिसतच नाहीत. विल्फ म्हणायचा की पाचव्या रांगेत कोण जांभई देतंय ते त्याला दिसतं. थापा.

मी लिहिलं काहीच नव्हतं. लिहिणार नाही म्हणून तुलाच कळवलं होतं. जे आलं ते म्हटलं. पडदा पडला. डॉक्टर माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं." मी म्हटलं, "आधी सांगायचं नसतं." एवढं होऊनही त्याला समजलं असं मला वाटत नाही. शनिवारच्या दोन्ही प्रयोगांना त्यानं माझ्या ओळी पाठ करून म्हटल्या. स्वच्छ म्हटल्या, घासून घासून. मी वहीत बघत बसले.

कागद तुझाच. मला आता नको, मी ऐकलाय. कार्ड खाली जोडते, म्हणजे डबा अपुरा राहणार नाही. मिसेस बुकनला काय सांगायचं ते तू ठरव. विल्फच्या म्हणून सांगितल्यास तरी माझी हरकत नाही. पहिल्या सव्वीस तशा दोघांच्याच होत्या.

ही सत्ताविसावी:

राक्षस पडला, वेल तुटला, सरली आमची गोष्ट;
घरी ज्यांचं माणूस आहे, त्यांनी जावं थेट.

यमक लंगडं आहे. मला कळतं. म्हणणारा नव्हता, म्हणून तसंच राहिलं.

तुझी,
एनिड